गावकुसाबाहेरची घंटा

वसईत वाढलेल्या माणसाला गाव म्हटलं की आधी चर्च दिसतं, मग घरं. रमेदीपासून नंदाखालपर्यंत कुठेही जा, केळीच्या बागांमधून वळत वळत रस्ता शेवटी चर्चच्या पायऱ्यांशीच येतो. सण तिथे, लग्न तिथे, मर्तिक तिथे. दोन भावांचं बांधावरून बोलणं बंद झालं, तर ते पुन्हा सुरू व्हायचं तेही फादरांच्या ओसरीवर.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेले होते. डेव्हनमधल्या एका खेड्यात त्यानं मला नेलं आणि तिथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाऊस वेगळा, भाषा वेगळी, पण गावाच्या मधोमध दगडी चर्च आणि त्याला बिलगून घरं. आत भिंतीवर एक लाकडी फळी होती, तेराव्या शतकापासून त्या गावात आलेल्या पाळकांची नावं तिच्यावर एकाखाली एक लिहिलेली. गुडघे टेकायच्या उशांवर गावातल्या बायकांनी लोकरीनं चित्रं भरली होती. एकीवर नांगर, एकीवर कोल्हा, एकीवर कुणाचा तरी ट्रॅक्टर. दारामागे कोणत्या रविवारी फुलं कोणी आणायची त्याचा कागद टाचलेला. मनोऱ्याखाली घंटांचे सहा दोर लोंबत होते आणि जिथे हाताची पकड येते तिथे रंगीत लोकर गुंडाळलेली होती. एका आजोबांनी कबरींच्या रांगांमधून चालता चालता मला त्या गावाच्या चार पिढ्या सांगितल्या. हा पिठाच्या चक्कीवाला, ही शाळेतली बाई, हे दोघे भाऊ पहिल्या महायुद्धातून परत आलेच नाहीत.

परत आल्यावर हे सगळं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगत होते. माझ्याबरोबर शिकवणारी एक मैत्रीण कोल्हापूरकडची, वारणाकाठच्या ख्रिस्ती घरातली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आमच्या गावचं चर्च गावात नाही, गावाबाहेर आहे. एकदा बघायला ये."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. जानेवारीत मी गेले.

कोल्हापूरच्या पहिल्या सकाळी मैत्रिणीनं मला गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं. आमच्याकडे दूध पिशवीतून येतं. इथे म्हैस समोर उभी असते, धार पेल्यात पडते आणि पेला हाताला कोमट लागतो. ओठांवरचा फेस पुसून आम्ही अंबाबाईच्या देवळात गेलो. काळ्या दगडाचे ते खांब, पायाखालच्या गार फरश्या, ओल्या झेंडूचा वास. मध्येच घंटा वाजली आणि मी थबकले. देवळातली मोठी घंटा ऐकली की वसईच्या माणसाच्या मनात एक जुना हिशेब उघडतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळ मेणवलीच्या घंटेवर १७०७. लहानपणी मला याचं फार वाईट वाटायचं. आता वाटत नाही. त्या घंटा वितळवून तोफा ओतता आल्या असत्या. इथल्या माणसांनी त्या टांगल्या, रोज वाजवल्या, म्हणून त्या आज आहेत.

दुपारी ताराबाई पार्काकडे निघालो. जुन्या गावातल्या बोळांमधून, तालमींवरून, चप्पल लाइनीतल्या चामड्याच्या वासातून बाहेर पडलं की हा भाग एकदम ऐसपैस होतो. मोठे रस्ते, मोठी झाडं, आवारात मागे सरकून बसलेले बंगले. इंग्रजांच्या रेसिडेन्सीचा हा परिसर. ऑल सेंट्स चर्च इथलंच, दगडी, टोकदार कमानींचं. डेव्हनमध्ये पाहिलेल्या चर्चची धाकटी बहीण घाट चढून आल्यासारखी वाटली. घरापासून हजारो मैलांवर आलेल्या साहेबाला रविवारी सकाळी आपल्या गावात असल्यासारखं वाटावं, एवढ्यासाठी हे बांधलेलं. गाव मात्र त्याच्याभोवती नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा नाताळची आवराआवर चालली होती. दोन मुलं बांबूच्या कामट्यांची चांदणी शिडीवरून उतरवत होती, खालून एक बाई ओरडत होत्या, "कागद फाडू नकोस रे, पुढच्या वर्षी लागतोय की!" माझ्या मनात आलं, या चर्चला त्याचं गाव मिळायला साहेब जावा लागला. १९७० साली नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि आणखी काही मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तेव्हापासून साहेबाचं चर्च आणि मिशनचं चर्च असा भेद कागदावर तरी उरला नाही. आणि ती चांदणी जपून ठेवणारी बाई तर त्या चर्चची मालकीणच होती, कागद असो वा नसो.

मिशन म्हणजे अमेरिकन मिशन. कोल्हापुरात ते उच्चारलं की पहिलं नाव येतं वायल्डर. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेतल्या व्हर्माँटचे. आधी अहमदनगरला होते, १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. ज्या संस्थेनं पाठवलं होतं तिचा हात सुटला तरी ते इथून हलले नाहीत. पुढे १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं हे काम आपलं म्हटलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. अमेरिकेत शिकायला गेल्यावर १८८६ मध्ये माउंट हर्मनच्या विद्यार्थी मेळाव्यात ज्या चळवळीनं जोर धरला आणि पुढे हजारो तरुणांना परदेशात मिशनकामाला पाठवलं, तिच्या मुळाशी हा मुलगा होता. त्याची बहीण ग्रेस शिकून पुन्हा इकडेच आली आणि तिनं आपलं काम इस्लामपूरच्या बाजूच्या खेड्यांत केलं.

रिक्षावाल्या मामांना आम्ही 'वायल्डर मेमोरियल' म्हटलं, तर त्यांनी आरशातून बघत विचारलं, "मिशन कंपाउंडात न्हवं? आमचा जन्म तिथलाच की. मेरी वान्लेसात. माज्या दोन्ही पोरींचा बी." मामा ख्रिस्ती नव्हते, हँडलजवळ जोतिबाचा फोटो होता, त्यावर गुलाल होता. मिरजेला १८९४ साली ज्यांनी मोठं इस्पितळ उभं केलं त्या डॉक्टर विल्यम वान्लेसांच्या पत्नीचं नाव या इस्पितळाला आहे, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामांना ते पुस्तक नको होतं. त्यांना आईनं सांगितलेलं आठवत होतं, की पांढऱ्या टोपीतली सिस्टर बाळंतिणीला आधी चहा द्यायची आणि मग औषध. पुढे एस्तेर पॅटन हायस्कूलवरून जाताना त्यांनी मान हलवली. "आमच्या आईला हितं घालायचं हुतं. आज्जा न्हाई म्हनला."

वायल्डर चर्चच्या पायरीवर मी बराच वेळ बसले. आमच्या वसईच्या चर्चमध्ये शिरलं की आधी मूर्ती दिसतात. मारिया, जोसेफ, आणि आमच्याच मातीतले संत गोन्सालो गार्सिया. मेणबत्त्यांचं मेण, फुलांचे हार, सोनेरी वेदी. इथे आत भिंती मोकळ्या. डोळ्याला टेकायला जागा नाही, म्हणून कान उघडतात. मैत्रीण म्हणाली, "आमचं सगळं गाण्यात आहे." ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

निघायच्या आधी तिनं मला ख्रिश्चन होस्टेलची जागा दाखवली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, आणि पुढे एकामागून एक जातीधर्माच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. त्या यादीत ख्रिस्ती मुलांचंही एक आहे. मैत्रिणीचे आजोबा तिथे राहून मॅट्रिक झाले. खेड्यातून डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आलेला मुलगा. तिच्या घरात वायल्डरसाहेबांचा फोटो नाही, शाहू महाराजांचा आहे.

रविवारी सकाळी आम्ही वारणाकाठाकडे निघालो. पंचगंगा ओलांडली, केर्ली मागे पडलं, जोतिबाचा डोंगर उजवीकडे धुक्यात उभा होता. पुढे पन्हाळ्याची तटबंदी क्षणभर दिसली आणि ऊस सुरू झाला. आमच्याकडे हिरवं म्हटलं की केळ, नारळ, भाज्यांचे वाफे, तुकड्या तुकड्यांनी. इथे हिरवं एका दमात क्षितिजापर्यंत जातं. रस्त्याला उसाच्या गाड्या, मोळ्यांखाली दबलेले ट्रॅक्टर, आणि मध्येच गुऱ्हाळाचा धूर. एका गुऱ्हाळावर मैत्रिणीनं थांबायला लावलं. काहिलीत रस उकळत होता. गुळव्या एका लाकडी फावड्यानं तो खालीवर करत होता आणि रानभेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी बाजूला काढत होता. त्यानं पाण्यात बोट बुडवलं, मग गरम पाकाचा थेंब त्या पाण्यात सोडून त्याची गोळी वळते का ते बघितलं. कुठलंही यंत्र नाही. "आज रव्याला बरा येतोय," एवढंच म्हणाला आणि पळसाच्या पानावर आम्हाला काकवी दिली.

कोडोली हे या भागातलं मिशनचं जुनं ठाणं. ख्रिस्ती वस्ती मोठी, मिशनचं इस्पितळ. वारणानगरचा साखर कारखाना आला, सहकार आला, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे शाळेची आणि दवाखान्याची घंटा होती. आम्हाला मात्र त्याच्या पुढे, आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या खेड्यात जायचं होतं. त्या गावाचं नाव मी देत नाही. ज्यांच्या घरी जेवले त्यांनी तशी विनंती केली आहे.

गाडी गावात शिरली. वेशीवरचा मारुती, पार, ग्रामपंचायत, तालीम, विठ्ठलाचं देऊळ, दूध संस्था. सगळं जिथे असायला हवं तिथे. रस्ता गावातून आरपार निघाला, घरं संपली, एक ओढा लागला, त्यावरची फरशी ओलांडली आणि मग पिंपरणीच्या झाडाआड ते चर्च दिसलं. छोटं, कौलारू, बिनमनोऱ्याचं. दारासमोर दोन दगडी खांब आणि त्यांच्यामध्ये आडव्या लोखंडी दांडीला टांगलेली घंटा.

आता कळलं ते 'बाहेर' म्हणजे काय.

इंग्लंडच्या खेड्यात चर्च मधोमध आहे, कारण गावानंच ते बांधलं. आमच्या वसईत चर्च मधोमध आहे, कारण पोर्तुगीजांच्या काळात गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, बामण, कुणबी, कोळी, सगळी. इथे मिशनचं बोलणं ऐकायला आले ते बहुतेक महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. ज्यांना गावानं कुसाबाहेर ठेवलं होतं, ज्यांची पोरं शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसत, ज्यांचा पाणवठा वेगळा. माणसं जिथे राहत होती तिथेच त्यांचं चर्च उभं राहिलं. तिथल्या पाळकसाहेबांनी ते किती साधेपणानं सांगितलं. "लोक विचारतात, तुमचं देऊळ एवढं लांब का? आम्ही म्हणतो, आम्ही लांब होतो म्हणून."

दारात चपला काढायच्या. आमच्या चर्चमध्ये कुणी चपला काढत नाही. मी गोंधळले, मग वाकून काढल्या. आत सतरंज्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. "जय ख्रिस्त," एका आक्कांनी हात जोडले. माझ्या तोंडून नमस्कार निघाला, त्यांना तो चालला. त्यांनी मला आपल्याशेजारी बसवलं आणि माझा पदर खांद्यावरच होता तो हलकेच डोक्यावर ओढून दिला.

उपासना सुरू झाली. एक मुलगा पेटीवर, एक तबल्यावर, एक म्हातारे गृहस्थ टाळ घेऊन. पहिलंच भजन नारायण वामन टिळकांचं. हातात 'उपासना संगीत'ची पुस्तकं होती, पण त्या पुस्तकाकडे पाहायची गरज कुणालाच नव्हती. आमच्याकडे गाणं म्हणजे गायकवृंदाचं काम, ऑर्गनच्या साथीनं, चार आवाजांत बसवलेलं, बाकीचे ऐकतात. इथे सगळी सतरंजी गात होती. लय चढत गेली, टाळ चढला, आणि डोळे मिटले तर मी एकादशीला विठ्ठलाच्या देवळात बसले आहे की चर्चमध्ये, हे सांगता आलं नसतं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबाला बरोबर घेऊनच ते आले, असं म्हणतात ते त्या सतरंजीवर मला समजलं. पुस्तकात वाचून इतक्या वर्षांत समजलं नव्हतं.

प्रभुभोजनाच्या वेळी मी मागे सरकले. आमच्यात ओस्ती असते, कागदासारखी पातळ, गोल, मठातून आलेली. इथे एका ताटलीत पावाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि लाकडी तबकात खाचांमध्ये बसवलेले इवलेसे काचेचे पेले. तबक हातोहात फिरताना ते पेले एकमेकांना लागून किणकिणत होते. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, तबक माझ्यावरून पुढे दिलं. उपासना संपल्यावर मात्र कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "हे तर चालतंय न्हवं तुमच्यात?"

मैत्रिणीनं मुद्दाम हाच रविवार निवडला होता. कापणीचा सण. वेदीसमोर शेतातून आलेलं सगळं मांडलेलं होतं. शाळवाची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, उसाच्या मोळ्या, वांगी, मेथी, ओली हळद, पाय बांधलेली दोन कोंबडी, एका डब्यात तूप. प्रार्थनेनंतर अंगणात लिलाव. इंग्लंडमध्ये हा सण आज जसा साजरा होतो त्याची सुरुवात १८४३ साली कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो गावी झाली. तिथल्या रॉबर्ट हॉकर नावाच्या पाळकानं गावकऱ्यांना पिकाबद्दल देवाचे आभार मानायला चर्चमध्ये बोलावलं. समुद्रावरच्या त्या कड्यापासून ही चाल वारणेच्या काळ्या रानापर्यंत कशी कशी आली असेल! येताना गहू आणि सफरचंदं गळून पडली, शाळू आणि हळद आली, आणि लिलावाला कोल्हापूरचा आवाज आला.

"हरभऱ्याचा डहाळा, एकवार पन्नास! कोन बोलतंय? अरं, देवाचं हाय, हात आखडू नका. साठ! दोनवार साठ!"

ज्यांना परवडतं ते भाव चढवतात, घेतात आणि पुन्हा ठेवून देतात, पुन्हा बोली लागते. एक हळदीची जुडी तीनदा विकली गेली. मग एक फेटेवाले गृहस्थ मोटारसायकलवर आले. मागे पोत्यात गुळाचा रवा, तीस किलोंचा तरी असेल. त्यांनी तो दोघांच्या मदतीनं उतरवला, वेदीकडे तोंड करून हात जोडले आणि आंब्याखाली उभे राहिले. ते गावातले, मराठा घरातले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमचा बाप हितल्या शाळंत शिकला. गावातली शाळा चौथीपतूर हुती, मास्तर आला तर आला. बापाला हिकडं धाडल्याबद्दल भावकीनं वर्षभर बोलनं टाकलं हुतं. पन शिकला. तवापास्नं पयल्या गुऱ्हाळाचा एक रवा हितं येतोय." त्या रव्याला सगळ्यात मोठी बोली लागली. मला ओली हळद मिळाली, शंभर रुपयांना. मला वाटतं लोकांनी मला जिंकू दिलं.

जेवण आक्कांच्या घरी. आमच्याकडे रविवारचं जेवण म्हणजे शिरका घालून मुरवलेलं इंदाळ, फुगे, शेवटी सुकेळी. इथे पितळीत भाकरी, सुकं मटण, आणि रश्श्याच्या दोन वाट्या, एक तांबडी, एक पांढरी. तांबड्याला मी जपून हात लावला. पांढऱ्यातलं नारळाचं दूध जिभेला लागलं आणि वसई आठवली. वाढताना आक्का स्वतः बसायला तयार नव्हत्या. "तुमी जेवा. मी सकाळी खाल्लोय."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलतात, हे ऐकून होते. 'मी आलो, मी गेलो.' पण पंचाहत्तरीच्या बाईच्या तोंडून ते ऐकताना फार गोड वाटतं.

"मी ल्हान हुतो तवा," त्या सांगू लागल्या, "गावात घड्याळ एक पाटलाच्या वाड्यात आनि एक मिशनच्या शाळंत. पन वाड्यातलं घड्याळ वाड्यातल्यांना. चर्चची घंटा समद्यांना. सकाळी सातला वाजली की गावातल्या बाया बी म्हनायच्या, मिशनची झाली, उठा. दुपारची झाली की रानात भाकरी सोडायची. सांजची झाली की खुरपी आवरायची. जात न्हाय, पात न्हाय, घंटा ऐकूच येतीया की. कान कसं बंद करनार?"

जेवण झाल्यावर पाळकसाहेबांनी कपाटातून वही काढली. कापडी पुठ्ठा, कडा उंदरांनी खाल्लेल्या. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक. आधीची पानं इंग्रजीत, तिरक्या बारीक अक्षरात. मग कुठेतरी हात बदलतो आणि बाळबोध मराठी सुरू होतं. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलनं हुकूम काढला, की इंग्लंडातल्या प्रत्येक चर्चनं गावातला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहून ठेवावं. डेव्हनसारख्या ठिकाणच्या माणसांना शेकडो वर्षं मागे जाता येतं ते त्या वह्यांच्या बळावर. इथली वही तेवढी जुनी नाही. पण मी तिच्यावरून हात फिरवला तेव्हा मला भरून आलं. कारण या वस्तीतल्या माणसांचा जन्म त्याआधी असा कुणी लिहिलाच नव्हता. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरच्या पोरांच्या पत्रिका मांडल्या जायच्या. इथल्यांचा जन्म 'प्लेगच्या साली', 'मोठ्या पुराच्या साली', 'पाडव्याच्या आधी'. या वहीत पहिल्यांदा दिवस, महिना आणि साल आलं, आईचं नाव आलं. काही ठिकाणी आईबापांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती. पाळकसाहेब म्हणाले, मोठ्या दुष्काळातली पोरं. कुठून आली ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आक्कांनी चष्मा लावला, बोट ओलं केलं, चार पानं उलटली आणि एका ओळीवर थांबल्या. "ही मी."

आक्कांचा नातू दारात उभा राहून हे सगळं बघत होता. कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी मला तिथल्या सगळ्या गोडव्याबरोबर घेऊन जावी लागणार होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. "बाप्तिस्मा घेतला म्हणून आमची वस्ती गावकुसाच्या आत गेली नाही," तो म्हणाला, "सवलत तेवढी गेली." त्याच्या बोलण्यात चिडचिड नव्हती, हिशेब होता. माझ्याजवळ त्याला द्यायला उत्तर नव्हतं. आमच्या वसईच्या चर्चमध्ये मला हा प्रश्न कधी विचारावाच लागला नव्हता, आणि का लागला नव्हता हे ओढ्यावरची ती फरशी ओलांडून आल्यावर मला नीट दिसलं.

ऊन कलल्यावर चर्चची झाडलोट करणारे मामा किल्ल्या घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी घंटा वाजवली, आता ते वाजवतात. दोर नारळाच्या काथ्याचा, शेवटी गाठ, आणि ती गाठ दोन पिढ्यांच्या तळव्यांनी इतकी घासलेली की शिसवी लाकडासारखी चमकत होती. डेव्हनच्या त्या रंगीत लोकरीची आठवण झाली. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि दोर पुढे केला. "वडा की, ताई. तुमच्यातबी आसलंच की."

असते. पण आमच्या घंटा मनोऱ्यात उंचावर असतात आणि आमच्या आज्यांपैकी कुणी तो दोर कधी धरला नाही. मी हात घातला. पहिल्यांदा ओढला तर घंटा नुसती हलली, दुसऱ्यांदा जीभ कडेला घासून गेली. "वर सोडा, मग खाली," मामा म्हणाले. तिसऱ्यांदा ती वाजली. पातळ, थोडी चिरकी, पण दूरवर जाणारी. मी ओढत राहिले. ओढ्यापलीकडे, गावाच्या बाजूच्या रानात पाच-सहा बायका हरभऱ्यात वाकल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं पाठ सरळ केली, कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं, आणि खुरपं कमरेला खोचून बांधाकडे चालू लागली. मागोमाग दुसरी उठली.